कम्युनिटी कॉलेजातील डेंटल हायजिनचा अभ्यासक्रम : एका माजी विद्यार्थिनीचे परीक्षण

अमेरिकेत आल्यावर आरोग्यक्षेत्रात नव्याने शिक्षण घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहावे असे वाटणाऱ्या मराठी स्त्रियांकडून डेंटल हायजिनच्या अभ्यासक्रमाविषयी सतत विचारणा होते. त्यांना मिळणारी माहिती मात्र बहुधा दोन टोकांची असते. कोणी 'दोन वर्षांत भरघोस पगार' म्हणून त्याचे गुणगान करते, तर कोणी 'लोकांचे दात साफ करण्याचे काम' म्हणून नाक मुरडते. पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करून आल्यानंतर न्यू जर्सीतील एका कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात) मी हा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता एका खासगी दवाखान्यात परवानाधारक हायजिनिस्ट म्हणून काम करते. माझे मत सुरुवातीलाच सांगते. हाताला इतके काटेकोर वळण लावणारे आणि रुग्णाकडे इतक्या बारकाईने पाहायला शिकवणारे शिक्षण मी याआधी घेतले नव्हते. मात्र विद्यार्थ्यांच्या सरावासाठी रुग्ण मिळवण्याची जबाबदारी कॉलेज जवळपास पूर्णपणे विद्यार्थ्यांवरच टाकते, आणि ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

अमेरिकेत नियमित तपासणीसाठी दंतवैद्याकडे गेलेल्या रुग्णाचा बराचसा वेळ हायजिनिस्टच्या खुर्चीत जातो. प्रकृतीची माहिती घेणे, रक्तदाब मोजणे, गाल, जीभ आणि टाळू तपासून संशयास्पद व्रण किंवा गाठ दंतवैद्याच्या नजरेस आणणे, एक्स-रे काढणे, हिरड्यांची मापे घेणे, हिरडीच्या वरचे व खालचे कीटण (दातांवर साचून घट्ट झालेला थर) काढणे आणि रुग्णाला घरच्या निगेचे मार्गदर्शन करणे ही सारी तिची कामे आहेत. न्यू जर्सीत आवश्यक ते प्रशिक्षण आणि परवानगी घेतल्यावर दंतवैद्याच्या देखरेखीखाली तिला सुन्न करण्याचे इंजेक्शनही देता येते. कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ साली या कामाचा पहिला वर्ग सुरू केला आणि तिथे शिकलेल्या कित्येक जणी गावातील शाळांमध्ये मुलांचे दात स्वच्छ करण्याच्या व त्यांना दातांची निगा शिकवण्याच्या कामाला लागल्या. दुखणे उद्भवण्याआधीच ते टाळावे हा या व्यवसायाचा मूळ हेतू होता आणि आजही अभ्यासक्रमाची सगळी रचना त्याच हेतूभोवती आहे.

'दोन वर्षांचा अभ्यासक्रम' हे वर्णन मात्र निम्मेच खरे आहे. प्रवेशासाठी अर्ज करण्याआधी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी लेखन, मानसशास्त्र अशा विषयांची पूर्वतयारी करावी लागते आणि त्यातच वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते. भारतातील पदवीचे मूल्यमापन करून घेतले तरी विज्ञान विषय ठरावीक वर्षांच्या आतच उत्तीर्ण झालेले असावेत अशी अट अनेक कॉलेजांत असते, त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी असूनही मला तो विषय पुन्हा घ्यावा लागला. त्याची मला तक्रार नाही, कारण तोंडातील जिवाणूंविषयी पुढे जे शिकायचे असते त्याचा पाया त्यामुळे ताजा झाला. जागा मोजक्या असतात आणि निवड मुख्यतः या पूर्वविषयांतील गुणांवर होते. एकदा प्रवेश मिळाला की आठवड्याचे पाचही दिवस वर्ग, प्रयोगशाळा आणि क्लिनिक यांनी भरून जातात. लहान मुले असलेल्या घरात दुसरे कोणी हाताशी नसेल, तर ही दोन वर्षे निभावणे फार कठीण जाते हे आधीच लक्षात घ्यावे.

या अभ्यासक्रमाचे खरे मोल पहिल्या सत्रातील पूर्व-क्लिनिक प्रशिक्षणात आहे. प्रत्यक्ष रुग्णाला हात लावण्याआधी कृत्रिम जबड्यावर आणि नंतर सहाध्यायांच्या दातांवर सराव करावा लागतो. अवजार कसे धरावे, अनामिका कोणत्या दातावर टेकवून हाताला आधार द्यावा, रुग्णाच्या डोक्याभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठरवलेल्या कोणत्या जागी बसावे, आरशातून पाहताना हाताची दिशा कशी सांभाळावी, यांतील प्रत्येक गोष्ट वेगळी शिकवली जाते आणि वेगळी तपासली जाते. मिशिगनचे डॉ. क्लेटन ग्रेसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्युरेटचे, म्हणजे कीटण खरवडून काढण्याच्या अवजाराचेच, उदाहरण घेऊ. साध्या, सर्वत्र चालणाऱ्या क्युरेटला दोन्ही बाजूंनी धार असते, पण ग्रेसीच्या पात्याचा माथा दांड्याच्या शेवटच्या भागाशी ७० अंशांच्या कोनात कललेला असतो आणि त्याची खालची कडच कापते. म्हणून पुढच्या दातांसाठी १/२, दाढांच्या गालाकडील व जिभेकडील बाजूंसाठी ७/८, दाढांच्या पुढच्या बाजूसाठी ११/१२ आणि मागच्या बाजूसाठी १३/१४ असे वेगवेगळे क्रमांक वापरावे लागतात. दांड्याचा शेवटचा भाग दाताच्या पृष्ठभागाला समांतर ठेवला तरच पाते योग्य कोनात बसते. तो जरासा तिरका झाला तर एक तर हिरडीला इजा होते, किंवा कीटण निघण्याऐवजी वरून घासले जाऊन गुळगुळीत होते आणि मग ते शोधणेही अवघड होते.

धार लावण्याचे प्रशिक्षण मला विशेष आवडले. बोथट अवजाराने काम करणारी व्यक्ती नकळत जास्त जोर लावते आणि त्यात रुग्णाची हिरडी आणि स्वतःचे मनगट दोन्ही दुखावते, हे आमच्या प्राध्यापिका पहिल्या आठवड्यापासून बजावत असत. दगडावर पाते फिरवल्यानंतर प्लॅस्टिकच्या कांडीवर ते टेकवून पाहायचे. धार चांगली असेल तर पाते कांडीत रुतते, आणि घसरले तर पुन्हा दगडाकडे जायचे. हिरडीखालचे कीटण डोळ्यांना दिसत नाही, ते एक्स्प्लोरर नावाच्या अवजाराच्या बारीक टोकाने चाचपावे लागते. नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यावरून नख फिरवावे तसा तो खरखरीतपणा बोटांना जाणवू लागतो, पण त्यासाठी काही महिने जावे लागतात आणि तोवर हाती फारसे काही लागत नाही असे वाटत राहते. त्या काळात प्राध्यापिका शेजारी बसून, माझ्या हातावर हात ठेवून, नेमकी कोणती जागा सुटली हे दाखवून देत. एकेका विद्यार्थ्यावर इतके लक्ष देणारे शिक्षण मी भारतातील माझ्या महाविद्यालयात अनुभवले नव्हते, आणि कृतज्ञतेने याचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या सत्रापासून कॉलेजच्या क्लिनिकमध्ये रुग्ण तपासायला सुरुवात होते. अमेरिकेतील दंतशिक्षणाला मान्यता देणाऱ्या 'कोडा' या आयोगाच्या निकषांप्रमाणे पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण ८ ते १२ तास आणि अखेरच्या वर्षी १२ ते १६ तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असावे लागतात. प्रत्येक टप्पा झाल्यावर थांबून प्राध्यापकांची सही घ्यायची, मगच पुढे जायचे. हिरड्यांची मापे घेताना प्रत्येक दाताच्या सहा ठिकाणी प्रोब (हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजणारी खुणांची सळई) उतरवला जातो, म्हणजे पूर्ण ३२ दात असलेल्या तोंडात १९२ नोंदी होतात. ३ मिलिमीटरपर्यंतचे माप सामान्य मानतात, त्यापुढचा प्रत्येक आकडा आणि प्रोब काढल्यावर दिसणारे रक्त यांचा विचार करावा लागतो. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या वर्गीकरणानुसार हिरड्यांच्या आजाराचा टप्पा आणि त्याची श्रेणी सांगावी लागते. त्यात मधुमेही रुग्णाचा एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्तचाचणीचा आकडा) ७ टक्के किंवा अधिक असेल, किंवा रुग्ण दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढत असेल, तर आजार वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत त्याची गणना होते. आपल्या समाजातील मधुमेहाचे प्रमाण पाहता हा भाग शिकताना मला घरातील अनेक वडीलधाऱ्यांचे दात का पडले असावेत याचा उलगडा होऊ लागला. साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतील जुनाट दाह साखर आटोक्यात आणणे कठीण करतो. हा दुहेरी संबंध आपल्याकडे मधुमेहाच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी मिळून रुग्णांपर्यंत पोहोचवायला हवा असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य तक्रारीकडे येते. पदवीसाठी ठरावीक संख्येने प्रौढ, लहान मुले, ज्येष्ठ, मधुमेह किंवा तत्सम विकार असलेले आणि साध्या ते अतिशय जड अशा प्रत्येक प्रतीच्या कीटणाचे रुग्ण पूर्ण करावे लागतात. क्लिनिकमध्ये आपणहून येणारे रुग्ण असतात, पण ते पुरत नाहीत, म्हणून उरलेले रुग्ण विद्यार्थ्यांनीच शोधून आणायचे अशी प्रथा आहे आणि ती एकाच कॉलेजापुरती नाही. रुग्णाला तीन-तीन तास बसावे लागते आणि एकाच रुग्णासाठी अनेक भेटी लागतात. त्याने आयत्या वेळी येण्याचे रद्द केले, तर तो संपूर्ण सत्रभाग विद्यार्थ्याच्या खात्यात रिकामा जातो. ज्याचे गणगोत या देशात नाही, ज्याच्याकडे ओळखीपाळखी नाहीत, त्याच्यावर हा भार सर्वांत जास्त पडतो. आमच्या वर्गातील एका हुशार आणि अत्यंत कुशल मुलीची पदवी जड कीटणाचा रुग्ण वेळेत न मिळाल्यामुळे लांबली. तिच्या कौशल्यात काहीच उणे नव्हते. ज्या गोष्टीवर विद्यार्थ्याचे नियंत्रण नाही ती त्याच्या गुणपत्रिकेत मोजणे अन्यायाचे आहे आणि कॉलेजने रुग्णांची नोंदणी व वाटप स्वतःकडे घेतले पाहिजे, हे माझे ठाम मत मी तिथे असतानाही मांडले होते.

मला या बाबतीत मराठी मंडळींनी तारले. मुला-मुलींकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील हे आमच्या क्लिनिकसाठी अगदी योग्य रुग्ण ठरत. त्यांच्याकडे इथला दातांचा विमा नसतो, खासगी दवाखान्याचा खर्च मुलांना जड वाटतो, कॉलेजात मात्र नाममात्र शुल्कात एक्स-रेसह सर्व काही होते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे दुपारचा वेळ असतो. मंडळाच्या गणेशोत्सवात मी फलक लावला तेव्हा साताऱ्याकडचे एक सत्तरीचे आजोबा स्वतःहून पुढे आले, पण खुर्चीत बसल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "पोरी, साफ केल्यावर दात हलायला लागतात म्हणे, खरं का?" हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. हाड झिजलेल्या दातांना भोवतीचे कीटण जणू बांधून ठेवते आणि ते काढल्यावर, सूज उतरल्यावर, आधीपासूनच झालेली हानी प्रथमच उघडी पडते. दात कीटणाने धरून ठेवलेला असतो याचा अर्थ त्याचा खरा आधार आधीच गेलेला असतो. मी हे त्यांना एक्स-रेवर हाडाची पातळी दाखवून मराठीतून समजावले, तेव्हा त्यांनी कीटण काढू दिले आणि पुढच्या भेटीला मिश्री लावणाऱ्या आपल्या पत्नीलाही घेऊन आले. तंबाखूच्या मिश्रीमुळे हिरडीला आणि गालाच्या आतल्या अस्तराला काय होते हे आजींना सांगताना इंग्रजी पाठ्यपुस्तकातील एकही वाक्य कामी आले नाही. आमच्या प्राध्यापिकांनी मात्र संपूर्ण संवाद मराठीतून होऊ दिला, शेजारी उभे राहून माझ्याकडून त्याचा सारांश ऐकला आणि रुग्णशिक्षणाचे पूर्ण गुण दिले. परभाषक रुग्णाला त्याच्याच भाषेत समजावता येणे ही पात्रता आहे असे मानणारा हा दृष्टिकोन मला फार मोलाचा वाटला.

दुसरी उणीव तपासणीतील मतभिन्नतेची आहे. एका प्राध्यापकांनी स्वच्छ ठरवलेला दात दुसऱ्या प्राध्यापकांना अपुरा वाटतो आणि विद्यार्थ्याला नेमके काय कमी पडले हे कळत नाही. मानवी स्पर्शावर आधारलेल्या मूल्यमापनात थोडा फरक राहणारच, पण शिक्षकांनी आपापसात नियमित ताळमेळ घातला तर तो बराच कमी होईल.

अखेरीस दोन परीक्षा असतात. राष्ट्रीय लेखी परीक्षेत ३५० बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांपैकी २०० विषयवार आणि १५० प्रत्यक्ष रुग्णांच्या माहितीवर आधारलेले. उत्तीर्ण होण्यासाठी ७५ हा प्रमाणित गुणांक लागतो. आमच्या कॉलेजने या परीक्षेची तयारी उत्तम करून घेतली. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पूर्वी विद्यार्थ्याला स्वतःचा रुग्ण घेऊन जावे लागे, पण करोनाच्या साथीनंतर कृत्रिम जबड्यावरील परीक्षेचा पर्याय रुळला आहे आणि ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, त्यामुळे पतीच्या नोकरीमुळे राज्य बदलण्याची शक्यता असेल तर त्या राज्याचे नियम आधी वाचावेत.

खर्चाच्या बाबतीत कम्युनिटी कॉलेजचे शुल्क विद्यापीठांच्या तुलनेत कमी असले तरी अवजारांचा संच, गणवेश, पुस्तके, परीक्षांची शुल्के आणि दृश्य मोठे करून दाखवणारा लूप्स नावाचा चष्मा यांचा बोजा वेगळा पडतो. चांगल्या लूप्सची किंमतच हजार डॉलरच्या पुढे जाते. तरीही मी म्हणेन की लूप्स पहिल्याच सत्रात घ्यावेत, कारण वाकून पाहण्याची सवय एकदा लागली की मान कायमची तक्रार करू लागते. एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या व्हिसावर) असणाऱ्यांना शिकता येते, परंतु काम करण्यासाठी वेगळी परवानगी लागते. शिवाय या कामाला सहसा सहयोगी पदवी (दोन वर्षांची असोसिएट डिग्री) पुरेशी मानली जात असल्यामुळे त्याच्या आधारावर एच-१बी मिळणे अवघड असते. ही गोष्ट प्रवेशाच्या माहिती-सत्रात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी इथे स्पष्ट लिहीत आहे.

महाराष्ट्रातून बी.डी.एस. करून आलेल्या मैत्रिणींसाठी वेगळे चार शब्द लिहिते. इथे दंतवैद्य व्हायचे तर राष्ट्रीय परीक्षा देऊन बहुधा दोन ते तीन वर्षांचा अतिशय महागडा प्रगत अभ्यासक्रम करावा लागतो, म्हणून अनेक जणी हायजिनकडे वळतात. फ्लोरिडासारख्या राज्यात परदेशी दंतवैद्यांना थेट हायजिनिस्टच्या परवान्याच्या परीक्षांना बसण्याची वाट आहे, पण बहुतेक राज्यांत कोडा-मान्य अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. माझ्या वर्गात नागपूरची एक बी.डी.एस. मैत्रीण होती. तिला शास्त्रीय विषय सोपे गेले, परंतु दाढेतील पोकळी भरणारा हात आणि हिरडीखाली पाते फिरवणारा हात यांत फरक आहे, असे ती स्वतः सांगत असे. भारतातही हायजिनिस्टचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे आणि १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायाची स्वतंत्र व्याख्या केलेली होती. तरी आपल्याकडील बहुसंख्य दवाखान्यांत स्केलिंग, म्हणजे कीटण काढण्याचे काम, दंतवैद्य स्वतःच करतात, त्यामुळे हायजिनिस्ट नावाची व्यक्ती रुग्णांना क्वचितच भेटते. दंतवैद्यच होण्याची तळमळ ज्यांना आहे त्यांनी हायजिनचा मार्ग पर्याय म्हणून स्वीकारू नये, कारण निदान करण्याचा आणि उपचार ठरवण्याचा अंतिम अधिकार इथे दंतवैद्याचाच असतो आणि ती रुखरुख रोजच्या कामात डोके वर काढते. ज्यांना प्रतिबंधाचे काम स्वतःहून आवडते त्यांच्यासाठी मात्र हे शिक्षण अत्यंत समाधानकारक आहे.

नोकरीविषयी सांगायचे तर अमेरिकी श्रम-सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये हायजिनिस्टचे मध्यक वार्षिक वेतन ९४,२६० डॉलर होते. हा आकडा आकर्षक आहे, परंतु या व्यवसायात अर्धवेळ नोकऱ्या पुष्कळ असतात, दोन-तीन दवाखान्यांत मिळून आठवडा भरावा लागतो आणि अशा वेळी आरोग्यविमा किंवा भरपगारी रजा मिळेलच असे नाही. मान, खांदा आणि मनगट यांची दुखणी या कामात सर्रास आढळतात. कॉलेजने शरीराच्या ठेवणीविषयी शिकवले खरे, पण दिवसाला आठ-नऊ रुग्ण पाहताना शरीर कसे सांभाळावे याची तयारी अधिक व्हायला हवी होती. कॉलेजातील तीन तासांच्या रुग्णाकडून दवाखान्यातील तासाभराच्या रुग्णाकडे जाणे पहिल्या नोकरीत बरेच जड जाते.

अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमाला कोडाची मान्यता आहे का, गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय परीक्षेत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि रुग्ण मिळाले नाहीत तर कॉलेज काय मदत करते, हे तीन प्रश्न माहिती-सत्रात अवश्य विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे कॉलेजही पाहून ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे आधी त्या कॉलेजच्या क्लिनिकमध्ये स्वतः रुग्ण म्हणून जावे. अख्खी दुपार मोकळी ठेवावी लागते, पण दात उत्तम स्वच्छ होतात, शुल्क थोडेच असते, आणि खुर्चीत पडल्या पडल्या प्राध्यापक विद्यार्थ्यांशी कसे बोलतात, चूक कशी दाखवतात हे जवळून ऐकायला मिळते. सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत जागा मिळवणे कठीण असते, म्हणून सप्टेंबर किंवा जानेवारीच्या अखेरीस फोन करून वेळ ठरवावी आणि मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर त्यांची यादी सोबत न्यावी.